आहार्याकडून सात्त्विकाकडे : ॲलेक गिनेस यांच्या अभिनयाचा विचार

नट किती रूपे धारण करू शकतो, यावरून त्याचे मोठेपण मोजण्याची प्रथा आपल्याकडे आणि पाश्चात्त्य देशांत सारखीच रूढ आहे. ॲलेक गिनेस (१९१४–२०००) या इंग्रज नटाचा गौरव बहुधा याच कारणासाठी होत आला. परंतु त्यांच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या कारकीर्दीकडे साकल्याने पाहिले, तर हा गौरव चुकीच्या जागी झाला असावा, अशी शंका येते. प्रस्तुत टिपणात या शंकेचाच विचार करावयाचा आहे.

भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. पैकी आहार्य म्हणजे वेष, रंग, अलंकार इत्यादी बाह्य साधने. आणि सात्त्विक म्हणजे नटाच्या समाहित मनातून उगवणारा अभिनय. गिनेस यांच्या चित्रपटांतील आरंभीच्या कीर्तीचा पाया निःसंशय आहार्य हाच होता. डेव्हिड लीन यांच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट' (१९४८) या चित्रपटात त्यांनी फॅगिनची भूमिका केली, ती क्रुकशँकच्या मूळ चित्रांवरून बेतलेले अवाढव्य नाक लावून. पुढच्याच वर्षी 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' या चित्रपटात त्यांनी डॅस्कॉइन या उमराव घराण्यातील आठ व्यक्ती रंगविल्या. त्यांत एक स्त्रीही होती.

या दोन भूमिका एकाच पद्धतीच्या दिसतात. पण त्यांचे मोल सारखे नाही. डॅस्कॉइन मंडळींमध्ये मुखवट्यामागे ज्ञान आहे. इंग्रज सरंजामी वर्गाचा आढ्यतेखोरपणा, त्याचे बोलणे, त्याची निर्बुद्ध निश्चिंतता नटाला आपल्याच समाजातून परिचित होती. म्हणून प्रत्येक सोंगाच्या आत एक माणूस उभा राहतो. फॅगिनच्या बाबतीत ज्ञानाची जागा परंपरागत विपर्यस्त चित्राने घेतली आहे. यहुद्यांचा अभूतपूर्व संहार होऊन जेमतेम तीन वर्षे लोटली होती, अशा वेळी हे नाक पडद्यावर आले. अमेरिकेत त्याविरुद्ध तीव्र आक्षेप निघाले आणि तेथे तो चित्रपट १९५१ मध्ये, काटछाट करूनच, दाखविला गेला. हा आक्षेप केवळ नैतिक होता, असे समजणे बरोबर नाही. जेथे आहार्य ज्ञानाला पूरक न राहता अज्ञान झाकू लागते, तेथे कलादृष्ट्याही भूमिका उणी पडते.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) मधील कर्नल निकोल्सन ही त्यांच्या वाटचालीतील निर्णायक भूमिका म्हटली पाहिजे. येथे रंगभूषेचा आधार जवळजवळ नाही. पत्र्याच्या कोठडीतून बाहेर काढलेला हा अधिकारी मैदान ओलांडून चालत जातो. पाय साथ देत नाहीत आणि पाठीचा ताठा सुटत नाही. त्या चालीतच त्याचे धैर्य व त्याचा हट्ट दोन्ही व्यक्त होतात. शत्रूसाठी पूल बांधण्यात स्वतःचा मान शोधणाऱ्या या माणसाची शोकांतिका तेथेच सूचित झालेली असते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते यथायोग्यच होते.

या वाटचालीचे अंतिम स्थान मात्र चित्रपटात नसून दूरचित्रवाणीत आहे. बी.बी.सी.च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' (१९७९) आणि 'स्मायलीज पीपल' (१९८२) या मालिकांत त्यांनी जॉन ल कारे यांच्या जॉर्ज स्मायलीची भूमिका केली. स्मायली बहुतांश वेळ ऐकतो. समोरचा बोलत असता तो चष्मा पुसतो, मान किंचित कलती करतो आणि थांबतो. दूरचित्रवाणीचा लहान पडदा आणि अनेक भागांचा सावकाश विस्तार या दोन्ही गोष्टी अशा अभिनयास अनुकूल ठरल्या. कारण तेथे मुद्रेतील सूक्ष्म बदल प्रेक्षकाच्या अगदी जवळ येतो. दुसऱ्या मालिकेच्या शेवटी कार्ला हा प्रतिस्पर्धी पूल ओलांडून शरण येतो. विजय स्मायलीचा आहे. परंतु गिनेस यांच्या चेहऱ्यावर विजयाऐवजी थकवा आणि काहीशी लाज दिसते. सात्त्विक अभिनय तो हाच. स्वेद-रोमांचादी बाह्य विकार येथे नसले, तरी समाहित मनाचे भरताने सांगितलेले लक्षण येथे पुरेपूर आहे.

तथापि हा विकास सरळ रेषेत झाला, असे म्हणता येत नाही. स्मायलीनंतर अवघ्या दोन वर्षांनी लीन यांच्या 'अ पॅसेज टू इंडिया' (१९८४) मध्ये गिनेस प्रोफेसर नारायण गोडबोले झाले. हे नाव मराठी वाचकास थांबविल्याशिवाय राहत नाही. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या थोरल्या पातीत महाराजांचे खाजगी चिटणीस होते. तेथील मराठी दरबारातील गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांनी जवळून पाहिला होता. त्यामुळेच कादंबरीतील गोडबोले भजनात तुकारामांचे नाव घेतात. ही व्यक्तिरेखा गूढ असली, तरी निराधार नाही. चित्रपटात मात्र तिच्यामागची भक्तिपरंपरा नाहीशी होते. उरतो तो रंगविलेला चेहरा आणि अर्थगर्भ भासणारे मौन. स्मायलीचे मौन भरलेले होते, गोडबोल्यांचे रिकामे आहे. नट तोच, संयम तोच. अंतर ज्ञानाचे आहे.

यावर असे म्हटले जाईल, की संकलनात या भूमिकेचा बराच भाग गळाला, सबब दोष नटाचा नव्हे. हे अंशतः मान्य करावे लागेल. परंतु त्याच चित्रपटात व्हिक्टर बॅनर्जी, सईद जाफरी, रोशन सेठ यांच्यासारखे भारतीय नट असता गोडबोल्यांसाठी इंग्रज नटाला रंग फासावा लागला, या निवडीचा दोष संकलनावर ढकलता येत नाही.

यावरून आहार्य त्याज्य ठरते काय? नाही. डॅस्कॉइन घराणे त्याची साक्ष देईल. निष्कर्ष इतकाच, की वेष ज्ञानाचा पर्याय होऊ शकत नाही. गिनेस यांनी आपल्या आत्मचरित्रास १९८५ मध्ये 'ब्लेसिंग्ज इन डिस्गाइज' असे नाव दिले. वेषांतर त्यांना शेवटपर्यंत प्रिय होते, असे त्यावरून वाटते. परंतु त्यांची श्रेष्ठ कला वेष उतरवून ठेवल्यावर प्रकटली. अभिनयाच्या अभ्यासकाने त्यांच्या मुखवट्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांच्या दोन मौनांतील हा भेद पारखावा, हे अधिक उपकारक होईल.