‘अंतरा-ट्रॅपी’ : एका संज्ञेची चिकित्सा

भिवंडी परिसराचा मूळ खडक बेसाल्ट असल्याने प्राचीन गाळाच्या खडकांचे उदाहरण देताना तेथील अध्यापकाला मुंबईतील वरळीच्या थरांचा आधार घ्यावा लागतो. तेथेच ‘अंतरा-ट्रॅपी थर’ ही संज्ञा पुढे येते. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधल्या काळात तळ्यांत वा दलदलीत साचलेला गाळ, एवढाच तिचा अर्थ होय.

ही संज्ञा थराचे स्थान सांगते. वय सांगत नाही. मराठी भूविज्ञानलेखनात मात्र ती पुष्कळदा कालवाचक असल्याप्रमाणे योजली जाते. वरळीच्या चिमुकल्या बेडकाच्या जीवाश्माचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले. ‘इंडोबॅट्राकस’ हे त्याचे आजचे प्रजातिनाम. नागपूरच्या टाकळी येथील थरांचा अभ्यास मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी केला व १८५५ मध्ये हंटर यांच्यासह तो प्रसिद्ध केला. टाकळीच्या थरांत डायनोसॉरच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे मिळाले असून ते क्रिटेशस काळाच्या अखेरचे ठरतात. वरळीचे थर पॅलिओसीनच्या आरंभीचे मानले जातात. म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरांचा अंत करणारा महाविनाश या दोहोंच्या मध्ये येतो. आणि नाव एकच!

येथे जुन्या संशोधकांना दोष देणे अन्यायाचे होईल. त्यांनी जे डोळ्यांना दिसले तेवढेच नावात घातले. शैलसमूहाला स्थाननाम द्यावे, हा भारतीय स्तरनामसंहितेचा (१९७१) दंडक उचित खरा. परंतु स्थाननामही निर्धोक नसते. जबलपूरजवळच्या लमेटा घाटावरून पडलेले ‘लमेटा’ हे नाव चंद्रपूर जिल्ह्यातील पिजदुऱ्याच्या थरांनाही लावले जाते. तेथे नावातील गाव वाचकाला शेकडो किलोमीटर दूर नेते. तरीही स्थाननामाचा दोष सौम्य म्हणावा लागेल, कारण त्याच्यामागे तुलनेसाठी एक मूळ छेद उभा असतो. ‘अंतरा-ट्रॅपी’च्या मागे असा छेद नाही.

म्हणून ही संज्ञा टाकून देण्याचे कारण नाही. ती सामान्यनाम म्हणून राहावी, आणि प्रत्येक वेळी स्थळ व काळ यांचा निर्देश तिला जोडला जावा : ‘वरळीचे पॅलिओसीन अंतरा-ट्रॅपी थर’, ‘टाकळीचे क्रिटेशस अंतरा-ट्रॅपी थर’. नाव लांबते, हे मान्य. पण त्यावाचून वरळीचा बेडूक आणि नागपूरचा डायनोसॉर विद्यार्थ्याच्या वहीत समकालीन होऊन बसतात.