भिकल्या धिंडांच्या तारप्यावर कुणाचा प्रभाव?

जव्हारला येऊन संगीतातल्या प्रभावांवर बोलायचं म्हटल्यावर आम्हाला दुसरं नाव सुचेना. वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा. २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि आपल्याकडे कौतुकाचं एक वाक्य सुरू झालं: यांना निसर्गानंच शिकवलं. या वाक्यावर आमचा आक्षेप आहे.

भीमसेन जोशींबद्दल बोलताना आपण सवाई गंधर्वांचं नाव घेतो, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डची गोष्ट सांगतो. धारवाडच्या पावसानं त्यांना गाणं शिकवलं, असं कुणी म्हणत नाही. मग इथे आलं की गुरू, रियाज, परंपरा सगळं कुठं जातं? स्तुतीच्या आड माणसाची विद्याच काढून घ्यायची, असा हा प्रकार आहे. तारपा भिकल्याबाबांकडे बापजाद्यांकडून आला. तो ते वाजवतात आणि स्वतः बनवतातही.

बनवणं आधी बघा. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळत नेलेला कर्णा, सांधे बुजवायला मेण. पण खरी गंमत श्वासात आहे. गालात हवा भरून ठेवायची, ती ढकलत असतानाच नाकानं नवी घ्यायची, म्हणजे सूर तुटत नाही. हा दम जंगलात पडलेला मिळत नाही हो! तो कुणाच्या तरी शेजारी बसून, फजिती करून घेत शिकावा लागतो.

आता शैलीकडे येऊ. तारप्याच्या चालीला इथे चाळा म्हणतात. देवाचा चाळा, मोराचा चाळा, असे बरेच. मोराचा चाळा म्हटलं की शहरी श्रोता मोराचा आवाज शोधायला लागतो. आम्हीही शोधला होता, कबूल करतो. पण चाळा कळतो तो पावलांत. वादक चाळा बदलतो, नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. पावलं रेंगाळली तर वादकाला ते ऐकू येतं, तो सूर धरून ठेवतो किंवा पुढे नेतो. फेरा त्याच्याभोवती गुंडाळत जातो आणि नाचणारे तारप्याला पाठ दाखवत नाहीत. वारली चित्रांत हा फेरा तुम्ही शंभरदा पाहिला असेल. म्हणून आम्ही म्हणतो, या वादनावरचा सगळ्यात मोठा प्रभाव नाचणाऱ्यांचा आहे.

हे काही जगावेगळं नाही. अमेरिकेत ‘सोल’ नावाचा गायनप्रकार आहे. (सोल म्हणजे आत्मा, तत्त्वज्ञानवाल्याला मोह होतो, पण तो आवरतो.) अरीथा फ्रँकलिन त्यातली थोर गायिका. वडील डेट्रॉइटला धर्मोपदेशक, लहानपण चर्चच्या गाण्यात गेलं. कुणाकुणाचे गळे तिनं ऐकले याची यादी करता येते. पण १९७२ साली चर्चमध्येच, समुदायासमोर झालेलं तिचं ध्वनिमुद्रण ऐका. ती ओळ टाकते, लोक हुंकार देतात, आणि पुढची ओळ त्या हुंकारावर उभी राहते. तिथे लोकांचे गळे, इथे लोकांचे पाय.

बाकी जव्हार-मोखाड्यात कानांना काय कमी आहे? बोहाड्यात संबळ-सनई आहे, भगताची घांगळी आहे, लग्नात धवलेरीचं गाणं आहे. पण कानावर पडलं ते वाजवण्यात उतरलंच, असं नसतं. प्रत्येकाची वेळ आणि जागा ठरलेली. तारपा भात तयार होऊ लागलं की, वाघबारस-दिवाळीच्या आसपास, आणि रात्र रात्र.

इथे आमची खरी चिंता आहे. मागे एका समारंभात आम्ही पाहुणे होतो. दीपप्रज्वलन आणि सत्कार यांच्या मधे पाच मिनिटं तारपा. भर मे महिना. नाचणाऱ्यांना प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रांगेत उभं केलेलं, कारण फोटोत सगळे यायला हवेत. साहजिकच तारपावाला गेला मागे. तो वाजवत होता उत्तमच. पण त्याला दिसत होत्या फक्त पाठी, आणि पावलांचा आवाज स्टेजवरच्या कार्पेटनं गिळलेला. त्यानं एकच चाळा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवला. दुसरा तरी कशासाठी वाजवावा? निवेदक म्हणाला, बघा, निसर्गाचं संगीत! आणि आम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.