दुर्मिळ वस्तू कुणाच्या घरात सापडतात?

जुन्या वस्तू जपणारा माणूस संस्कृती जपतो, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कुणाला वाटत नाही. समई, अडकित्ता, पानदान, अत्तरदाणी, नक्षीचा झोपाळा, हंड्या-झुंबरे यांचा संग्रह करणारा रसिक ठरतो. त्याच्या दिवाणखान्याची छायाचित्रे छापून येतात. आपल्यातला शिकलेला, दोन पैसे हाती आलेला तरुणही आता दारात पितळी घंगाळ ठेवून त्यात फुले तरंगत ठेवू लागला आहे. या हौसेची टिंगल करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण हौस ही निव्वळ हौस कधीच नसते. तिच्यामागे एक मूल्यव्यवस्था उभी असते, आणि ती कोणाची हे विचारणे समीक्षेचे काम आहे. समीक्षा फक्त कथा-कवितांचीच करावी असा काही दंडक नाही. काचेच्या कपाटात मांडलेली वस्तू हीदेखील एक संहिताच असते. ती वाचता आली पाहिजे.

अशा वाचनासाठी मी पुण्याच्या शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालय घेतो. ते मुद्दाम घेतो, कारण ते वाईट उदाहरण नाही. या क्षेत्रातील उत्तम उदाहरणांपैकी ते एक आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. सात वर्षांचा मुलगा राजा गेला, त्याच्या नावाने त्यांनी हा संग्रह उभा केला आणि १९६२ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज तेथे २०,००० हून अधिक वस्तू आहेत. मांडलेल्या आहेत त्या सुमारे २,५००. केवळ मूर्ती आणि तलवारी यांच्यावर न थांबता केळकर स्वयंपाकघरात शिरले, दिवे, दरवाजे, वाद्ये, खेळणी यांच्याकडे वळले. आयुष्यभर जमवलेले विकून श्रीमंत होण्याऐवजी त्यांनी ते लोकांना देऊन टाकले. हे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे.

मान्य केल्यावर मात्र प्रश्न विचारावाच लागतो. हा संग्रह मराठी माणसाच्या रोजच्या जगण्याचा आरसा म्हणून वाखाणला जातो. कोणत्या मराठी माणसाच्या? विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. एकदा एका मुलीने विचारले, "सर, यातले आपल्या घरात काय होते?" तिचा प्रश्न मला अनेक जाड ग्रंथांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. वस्तूशेजारच्या पट्टीवर साधारणतः वस्तूचे नाव, धातू, प्रदेश आणि शतक एवढेच लिहिलेले असते. ती कोणी घडवली, कोण वापरत होते, आणि कोणाला वापरू दिली जात नव्हती, याचे उत्तर तिथे नसते. कवीने आपल्यासाठी 'अज्ञातवासी' हे नाव निवडले होते. पण तो अडकित्ता घडवणारा कारागीर खरोखरच अज्ञातवासात गेला, आणि ते नाव त्याने निवडलेले नव्हते.

आता बाजाराकडे वळू. मुंबईच्या चोरबाजारातल्या एखाद्या दुकानात तांब्याचा हंडा उचलून किंमत विचारा. दुकानदार तांब्याबद्दल फारसे बोलणार नाही, तो घराबद्दल बोलेल. 'सरदारांच्या वाड्यातला आहे, साहेब.' मोठ्या लिलावांतही हाच नियम चालतो. १९ जून २०१९ रोजी न्यू यॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने कतारच्या अल थानी संग्रहातील मोगल आणि संस्थानी दागिने, शस्त्रे, पात्रे विकली. सुमारे ४०० वस्तूंचे जवळजवळ १०.९ कोटी डॉलर आले. अशा लिलावाच्या सूचीत वस्तूबरोबर तिच्या मालकांची परंपरा छापतात: आधी कोणता राजा, मग कोणता दलाल, मग कोणता धनिक. म्हणजे वस्तूलाही वंशावळ लागते. तोच धातू, तेच वजन, तीच कारागिरी. पण कोणाच्या घरात होती यावर किंमत ठरते. गुणावर नव्हे, कुळावर मोल ठरवणारी ही पद्धत आपल्याला नवीन आहे काय? माणसांच्या बाबतीत हिलाच आपण जात म्हणतो.

कायदा वयाची अट घालतो. १९७२ चा पुरावशेष व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षे जुनी असलेली मानवनिर्मित वस्तू पुरावशेष ठरते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत, आणि व्यापार करायचा तर परवाना लागतो. लूट थांबवण्यासाठी हा कायदा हवाच. पण १०० वर्षे या शब्दांकडे जरा थांबून पाहावे. भांडे १०० वर्षे केव्हा टिकते? ते मोडीत घालावे लागत नाही तेव्हा. दुष्काळात, आजारपणात, पोरीच्या लग्नात गरिबाच्या घरातले पहिले काय बाहेर पडते, तर तांब्या-पितळेचे भांडे. ते वजनावर विकले जाते, आणि वितळते. वाड्यातले भांडे टिकले, कारण वाड्याला ते वजनावर विकायची वेळ आली नाही. शंभर वर्षे टिकणे ही वस्तूची करामत नसते. ती घराची ऐपत असते.

आणि हे फक्त गरिबीचे झाले. अस्पृश्यांच्या बाबतीत गरिबीच्याही आधी मनाई उभी होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला फुटक्या भांड्यातले अन्न, लोखंडाचे दागिने आणि प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली आहेत. कुणी म्हणेल, हे जुन्या पोथीतले, प्रत्यक्षात कोण पाळत होते? 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या १९३६ साली छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्यक्षातले दाखले दिले आहेत. इंदूर जिल्ह्यातील बलाई जातीवर १९२८ साली सवर्णांनी जे नियम लादले, त्यांत सोनेरी काठाची पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, अशी कलमे होती. गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या परिस्थितीतल्या अस्पृश्य स्त्रिया धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांच्याजवळ घागर विकत घेण्याची ऐपत होती. घागर डोक्यावर घेण्याचा अधिकार नव्हता.

झाणूची ती घागर कोणत्या संग्रहालयात आहे?

संग्राहकांची बाजू घेणारे मित्र यावर सांगतात की, मातीचे मडके फुटते, घोंगडी कुजते, धातू टिकतो. संग्राहकाने जे उरले ते गोळा केले, त्यात त्याचा काय दोष? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण आमच्या वाट्याला मातीच का आली, हा प्रश्न तो गिळून टाकतो. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता, हेही बाबासाहेबांनी त्याच भाषणात नोंदवले आहे. ज्या शहरात समया आणि अत्तरदाण्या घासून लखलखीत ठेवल्या जात होत्या, त्याच शहराच्या रस्त्यावर हे मडके हिंडत होते. समई आणि मडके ही एकाच व्यवस्थेची दोन पात्रे आहेत. एक मांडायचे आणि दुसऱ्याचा उल्लेखही करायचा नाही, याला इतिहासाचे जतन म्हणता येत नाही. संग्राहकाने मडके आणून ठेवावे अशी माझी मागणी नाही. कपाटात आमचे काही का नाही, हे पट्टीवर लिहावे, एवढीच आहे. अभावदेखील मांडता येतो.

येथे आपल्या बाजूची एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जपणे हे मूल्य आपल्याला जसेच्या तसे उसने घेता येणार नाही, कारण आपल्या मुक्तीचा आरंभ टाकून देण्यातून झाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारे कथलाचे-चांदीचे भाराभर दागिने आणि लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडून द्या. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगावी आपल्या लोकांनी देव्हाऱ्यातले देव नदी-विहिरीत सोडले. त्यांत खंडोबाचे, बहिरोबाचे टाकही होते. आज तसलेच चांदीचे टाक 'लोककला' म्हणून मखमलीवर मांडून विकले जातात. घेणाऱ्याला त्यात ग्रामीण कारागिरीचा गोडवा दिसतो. ज्या हातांनी तसा टाक पाण्यात सोडला, त्या हातांचा निर्धार मात्र त्याला दिसत नाही. आपल्या दृष्टीने मोल त्या टाकाचे नाही, त्या सोडण्याचे आहे. आणि सोडण्याचा लिलाव करता येत नाही.

उद्या येसकराची घुंगराची काठी एखाद्या दुकानात 'दुर्मिळ वस्तू' म्हणून टांगलेली दिसली, आणि ती पाहून कुणी घुंगरांच्या नाजूकपणाचे कौतुक केले, तर मला आश्चर्य वाटणार नाही. गुलामीची खूण सजावटीत जमा होते ती अशीच: आधी तिचा संदर्भ पुसायचा, मग तिला सुंदर म्हणायचे. म्हणून 'आमच्याही वस्तू संग्रहालयात ठेवा' एवढीच मागणी पुरेशी नाही. संदर्भाशिवाय ठेवलेली आमची वस्तू दुसऱ्याच्या दिवाणखान्याची शोभा होईल.

मग आपण काय जपावे? नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र अशा वापरातल्या वस्तू जतन केल्या आहेत. त्यांतली कोणतीही वस्तू सोन्यारुप्याच्या तोलावर मोठी नाही. यंत्राचे मोल त्याच्या धातूत नाही, ते यंत्र ज्या कामी आले त्या कामात आहे. कुळाऐवजी काम, मालकीऐवजी वापर, ही वस्तूकडे पाहण्याची निराळी कसोटी आहे आणि ती आपली आहे. हीच कसोटी पानदानाला लावा, हंड्याला लावा, वाद्याला लावा. मग तांबे ठोकून मठारकाम करणारा तांबट, मृदंगावर चढलेले कातडे कमावणारा ढोर आणि भांडी घासणारी मोलकरीण यांची नावे नसली तरी त्यांची जागा तरी पट्टीवर दिसू लागेल.

ही कसोटी फक्त पुण्यामुंबईच्या कपाटांसाठी नाही. आपल्या वस्त्यांतूनही भांडी मोडीत जात आहेत. गिरणीच्या, रेल्वेच्या, पलटणीच्या पगारातून घरात आलेला पहिला तांब्याचा हंडा, त्यावर ठोक्याठोक्याने घातलेले आजीचे नाव, गावाचे नाव, साल. बाजाराच्या लेखी ही दुर्मिळ वस्तू नव्हे. शंभर वर्षेही झालेली नसतील आणि वाड्याची वंशावळ तर नाहीच. पण आपल्या इतिहासात तो हंडा म्हणजे कागदपत्र आहे. ज्या घराला धातूची मनाई होती त्या घरात धातू केव्हा आला, कोणाच्या घामातून आला, याची तारीख त्याच्यावर कोरलेली आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना घरी जाऊन अशी नावे आणि साले उतरवून आणायला सांगावे. कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारावे, हा हंडा कोणी आणला, आणि तो पहिल्यांदा पाणवठ्यावर नेला तेव्हा काय झाले. भांडे ठेवणे प्रत्येकाला परवडेलच असे नाही. अडचणीत ते विकावे लागले तर त्यात लाज नाही. पण मोडीत घालण्यापूर्वी त्यावरचे नाव वहीत उतरले पाहिजे.