पाट, भात, माठ

आरशासमोर उभं राहा आणि आवाज न काढता हे तीन शब्द म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. फरक असतो तो घशात, नाकात, जिभेच्या टोकाशी, आणि तिथवर समोरच्याची नजर पोचत नाही. ऐकू न येणाऱ्या मुलाला आपण 'ओठांकडे बघ, कळेल' असं सांगतो तेव्हा त्याला हे कोडं रोज, दिवसभर घालत असतो.

'द सायलेंट चाइल्ड' ही वीस मिनिटांची ब्रिटिश शॉर्टफिल्म या कोड्याबद्दल आहे. दिग्दर्शक ख्रिस ओव्हरटन, लेखिका रेचल शेंटन. २०१८ साली तिला ऑस्कर मिळालं आणि शेंटनने ते घेताना खुणांच्या भाषेतही भाषण केलं. चार वर्षांची लिबी ठार बहिरी आहे, घरातले बाकी सगळे ऐकू येणारे. तिला शिकवायला आलेली जोआन खुणा शिकवते आणि लिबी फुलायला लागते. आईला ते रुचत नाही. खुणा बंद होतात, लिबी नेहमीच्या शाळेत जाते आणि शेवटी मैदानात एकटी उभी दिसते. लिबी झालेली मेझी स्लाय स्वतः बहिरी आहे. तिची नजर खोटी वाटत नाही याचं ते एक कारण असावं.

आपल्या सिनेमाने याच्या नेमकं उलटं घर जास्त रंगवलंय. 'कोशिश' (१९७२) आणि गोव्यात घडणारा 'खामोशी' (१९९६), दोन्हींत आईवडील बहिरे आणि मूल ऐकू येणारं. 'खामोशी'त नाना पाटेकर आणि सीमा विश्वासची मुलगी अ‍ॅनी घर आणि जग यांच्यातला पूल होते, कारण तिला दोन्ही भाषा लहानपणापासून येतात. पण बहिऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्या घरात असा पूल नसतोच. 'ब्लॅक'मध्ये (२००५) ते घर दिसतं, पण तिथे आईबाप हतबल आणि चमत्कार करायला शिक्षक हजर.

'सायलेंट चाइल्ड'शी माझं भांडण आईवरून आहे. तिचं एक जुनं प्रकरण कथेत आणून फिल्म तिला जवळजवळ खलनायिका करते. ते सोपं आहे. माझी मावसबहीण कोपरखैरणेला राहते. मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवलंय. थेरपीसाठी कोपरखैरणे ते वाशी, वाशी ते कुर्ला, गाडी बदलून दादर, असं तिने तीन वर्षं केलं, नोकरी सोडून. तिथे तिला बजावलं गेलं: घरात खुणा करायच्या नाहीत, नाहीतर तो बोलणार नाही. ताईने ऐकलं. कोण नाही ऐकणार? सगळ्या नातेवाइकांना एकच विचारायचं असतं, 'बोलतो का आता?'

खुणांमुळे बोलणं थांबतं हे मला पटत नाही. घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला आपण एक भाषा बंद कर म्हणतो का? (म्हणतो खरं तर, पण तो वेगळा विषय.) तरी एक अडचण खरी आहे, आणि फिल्म ती टाळते. जोआन गेल्यावर त्या आईने भाषा कुणाकडून शिकायची? भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात. पण शब्दकोश पाठ करून कुणी गप्पा मारायला शिकत नाही. त्यासाठी बहिरी माणसं घरी यायला हवीत, आणि आपल्या सोसायट्यांत ती पाहुणी म्हणूनही क्वचितच येतात.

ताईच्या मुलाला बरंच ऐकू येतं आता, बोलतोही. पण अंघोळीला, झोपताना यंत्र काढावं लागतं, आणि मग तो पुन्हा पूर्ण बहिरा असतो. त्या वेळेसाठी दोघांनी स्वतःच्या काही खुणा तयार केल्यात. पाणी, भूक, बाबा कधी येणार. थेरपीत तिने हे कधी सांगितलं नाही. रात्री यंत्र चार्जिंगला लावलं की तो दिवा मालवू देत नाही. अंधारात तिचे हात दिसत नाहीत.