निवड नेमकी कोणाची? : ‘लिव्हिंग डॉल्स’च्या निमित्ताने

नताशा वॉल्टर यांचे ‘लिव्हिंग डॉल्स’ हे पुस्तक २०१० साली इथे ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाले. ‘नट्स’, ‘झू’, ‘लोडेड’ ही पुरुषांसाठीची नियतकालिके तेव्हा दुकानांत सर्रास मिळत. कमी कपड्यांतली छायाचित्रे देणे, म्हणजेच ‘ग्लॅमर मॉडेलिंग’, हा मुलींनी स्वखुशीने निवडलेला व्यवसाय आहे, असे समर्थन त्या काळी ऐकू येई. वॉल्टरबाई विचारतात, ही निवड खरोखर किती मोकळी आहे?

पुस्तकाच्या आरंभी ‘नट्स’ने एका नाइटक्लबात भरवलेल्या स्पर्धेचे वर्णन आहे. तरुण मुली गर्दीपुढे पलंगावर चढून पोज देतात. वॉल्टरबाई त्या मुलींना नावे ठेवत नाहीत. नाव आणि पैसा मिळवण्याच्या इतर वाटा अरुंद असल्या की हीच वाट झगझगीत दिसते, हे त्या दाखवतात. ही सहानुभूती मला पुस्तकाचे मोठे बळ वाटते.

उत्तरार्धात मात्र मुलगा-मुलगी भेदामागच्या विज्ञानाची चर्चा येते आणि आपण दुसरेच पुस्तक वाचतो आहोत असे वाटू लागते. त्याऐवजी व्यवहाराबद्दल अधिक वाचायला आवडले असते. फोटोवर हक्क कोणाचा? तो पुन्हा छापला तर पैसे कोणाला? सॅमंथा फॉक्स १९८३ मध्ये ‘द सन’च्या पान तीनवर झळकली तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि ते कायदेशीर होते! २००३ च्या कायद्याने ही वयोमर्यादा अठरा केली. नुसत्या ‘हो’वर भागत नाही, हे कायद्यानेही मानले.

आपल्याकडे काय झाले? १९९५ च्या बुटांच्या जाहिरातीवरून मधु सप्रे आणि मिलिंद सोमण यांच्यावर खटला भरला गेला. २००९ मध्ये ते निर्दोष सुटले. एवढी वर्षे वाद रंगला तो ‘अश्लील की नाही’ यावर. करार, मोबदला, हक्क हे शब्द त्यात क्वचितच कानी आले.

‘नट्स’ २०१४ मध्ये बंद पडले. २०१५ मध्ये ‘द सन’ने पान तीनची जुनी प्रथा सोडली. पण २०१६ मध्ये लंडनमध्येच ‘ओन्लीफॅन्स’ सुरू झाले. तिथे बाई स्वतःच मालक, असे म्हणतात. तरी कमाईतले वीस टक्के कंपनी घेते, आणि एकदा बाहेर पडलेला फोटो परत घेता येत नाही. म्हणून वॉल्टरबाईंचा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

परदेशात मुले वाढवताना आपल्या तोंडी दोनच वाक्ये येतात : ‘लाज नाही वाटत?’ किंवा ‘तुझं आयुष्य, तुझी मर्जी.’ दोन्हींनी बोलणे तिथेच संपते. ‘यात फायदा कोणाचा? उद्या नको वाटलं तर थांबता येईल का?’ असे विचारले तर ते पुढे सरकते. आणि हे मुलींइतकेच, ती चित्रे पाहणाऱ्या मुलांनाही विचारायला हवे. घरात मोठी मुले असतील तर हे पुस्तक त्यांच्यासोबत जरूर वाचा.