डिव्हिजन मोजायच्या की रणगाडे? गुडेरिअनचं ‘पॅन्झर लीडर’ वाचताना

तुमचा रिसर्चचा विषय काहीही असो, हाइन्झ गुडेरिअनचं ‘पॅन्झर लीडर’ एकदा वाचाच. १९३५ मध्ये जर्मनीने पहिल्या तीन पॅन्झर डिव्हिजन उभ्या केल्या, त्यातली दुसरी या सेनापतीकडे होती. पुस्तक ओघवतं आहे, माणूस जाणकार आहे. म्हणूनच ते जरा सांभाळून वाचायला हवं.

त्याची एक तक्रार घेऊ. फ्रान्स जिंकल्यावर हिटलरच्या हुकमाने पॅन्झर डिव्हिजन १० वरून जवळपास दुप्पट झाल्या, पण रणगाडे त्या प्रमाणात वाढले नाहीत. आधी साधारणपणे एका डिव्हिजनमध्ये रणगाड्यांच्या ४ बटालियन असायच्या; १९४१ मध्ये २ किंवा ३ उरल्या. गुडेरिअनच्या मते इथे ताकद घटली. केमिस्ट्रीवाल्यांच्या भाषेत, विद्राव्य जवळपास तेवढंच, पाणी वाढवलं.

इथवर तक्रार पटते. ‘आमच्याकडे इतक्या डिव्हिजन’ असं कोणी म्हटलं, की एका डिव्हिजनमध्ये नेमकं काय आहे हे विचारायलाच हवं. एकक बदललं की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना कोसळते.

पण पुढे गडबड आहे. याच पुस्तकात तो सांगतो की रणगाडे एकटे लढाई जिंकून देत नाहीत. पायदळ, तोफखाना, इंजिनिअर यांनाही त्यांच्याच वेगाने जाता आलं पाहिजे. मग हीच फूटपट्टी त्याच्या तक्रारीला लावून बघा. १९३५ च्या रचनेत रणगाड्यांच्या ४ बटालियनमागे मोटारसायकलस्वार धरून पायदळाच्या ३ बटालियन होत्या. १९४१ मध्ये त्या साधारण ५ झाल्या. म्हणजे समतोल सुधारलाही! खरी अडचण वाहनांची होती. जप्त केलेले फ्रेंच ट्रक रशियातल्या रस्त्यांवर टिकणारे नव्हते. हे तो स्वतःच लिहितो, पण दोन्ही मुद्दे जोडत नाही.

समोरची बाजूही बघा. सोव्हिएत मेकॅनाइज्ड कोअरमध्ये कागदावर १,०३१ रणगाडे होते. बहुतेक कोअर पूर्ण भरल्याच नव्हत्या, आणि जुलै १९४१ मध्ये त्या मोडीत काढाव्या लागल्या. नुसते जास्त रणगाडे हे उत्तर असतं, तर असं झालं नसतं.

शेवटचं. पुस्तकाच्या इंग्रजी आवृत्तीत लिडेल हार्ट या ब्रिटिश लेखकाला श्रेय देणारा एक परिच्छेद आहे. मूळ जर्मन आवृत्तीत तो नाही. तो लिडेल हार्टच्याच विनंतीवरून घातला गेला. तेव्हा आठवणींचं पुस्तक पुरावा म्हणून जरूर वापरा, पण आवृत्त्या ताडून.

आता तुमच्या विषयातला सगळ्यात लाडका पेपर काढा. त्यातलं एकक कुठे बदललंय, आणि लेखकाची फूटपट्टी त्याच्याच निष्कर्षाला लागू पडते का, एवढं तपासा. लिटरेचर रिव्ह्यूची खरी सुरुवात तिथून होते.