'ऑड फ्युचर' : अपेक्षा आणि पूर्ती – एक चिकित्सक मूल्यमापन

प्रस्तावना

कलावंतांच्या समूहाचे मूल्यमापन करताना समीक्षेपुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. अपेक्षा समूहाच्या नावाने निर्माण होते. तिची पूर्तता मात्र बहुधा एकेकट्या व्यक्तीकडून होते. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरात २००७ साली एकत्र आलेल्या 'ऑड फ्युचर' या रॅप समूहाच्या बाबतीत ही अडचण ठळकपणे जाणवते. २०१०-११ या काळात, सदस्यांपैकी बहुतेक जण विशीच्या आतबाहेर असताना, त्यांच्याकडे रॅप संगीताची नवी दिशा म्हणून पाहिले गेले. आज त्या गोष्टीला दीड दशक होत आले आहे. त्यामुळे या समूहाचे संगीत अपेक्षांना उतरले काय, या प्रश्नाचा आता शांतपणे विचार करता येतो. प्रस्तुत लेखात समूहाची एकत्रित निर्मिती, तिच्यातील हिंसक भाषेचा प्रश्न आणि सदस्यांची स्वतंत्र वाटचाल या तीन अंगांनी हे मूल्यमापन केले आहे.

अपेक्षांचे स्वरूप

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७० च्या दशकात कृष्णवर्णीय व कॅरिबियन तरुणांच्या रस्त्यावरील मेळाव्यांतून रॅपचा उदय झाला. १९९० च्या दशकात त्याचे मोठ्या उद्योगात रूपांतर झाले. 'ऑड फ्युचर'ने या उद्योगाला वळसा घातला. त्यांची सुरुवातीची ध्वनिमुद्रणे मोठ्या प्रमाणात सिड या सदस्येच्या आईवडिलांच्या घरातील छोट्या स्टुडिओत झाली. २००८ चा पहिला संयुक्त मिक्सटेप, २००९ च्या अखेरीचा टायलर, द क्रिएटर याचा 'बास्टर्ड' आणि २०१० मधील अर्ल स्वेटशर्ट याचा 'अर्ल' हे तिन्ही संग्रह त्यांनी इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिले. संगीत, मुखपृष्ठे, चित्रफिती आणि पोशाखांची रचना हे सारे समूहातच होत असे. निर्मितीच्या साधनांवरील हा ताबा हे त्यांच्या आकर्षणाचे एक कारण होते.

दुसरे कारण अधिक स्फोटक होते. खून, बलात्कार व आत्मनाश यांची उघड वर्णने त्यांच्या गीतांत होती. त्यातच 'अर्ल' प्रसिद्ध झाल्यानंतर सोळा वर्षांच्या या मुलाला आईने सामोआ येथील निवासी शाळेत पाठविल्याने त्याच्या अनुपस्थितीभोवती दंतकथा निर्माण झाली आणि चाहत्यांनी त्याच्या 'सुटके'च्या घोषणा दिल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये समूह दूरचित्रवाणीवरील जिमी फॅलन यांच्या कार्यक्रमात झळकला, मे महिन्यात टायलरचा 'गॉब्लिन' अमेरिकेच्या विक्रीयादीत पाचव्या स्थानी पोहोचला आणि ऑगस्टमध्ये त्याला एमटीव्हीचा सर्वोत्तम नवोदित कलावंताचा पुरस्कार मिळाला. तोवर संपूर्ण समूहाच्या नावावर एकही संयुक्त स्टुडिओ अल्बम नव्हता, ही बाब लक्षणीय आहे. अपेक्षा निर्मितीच्या कितीतरी पुढे धावत होती.

सामूहिक निर्मितीची मर्यादा

या काळात 'ऑड फ्युचर'ची तुलना वारंवार 'वू-टँग क्लॅन'शी केली गेली. ही तुलना वरवरची होती. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमधील नऊ रॅपरांच्या त्या समूहाने १९९३ मध्ये प्रथम एक संयुक्त अल्बम दिला. त्याच्या संगीतावर रिझा या एकाच संगीतकाराची मुद्रा होती, आणि सदस्यांना इतर कंपन्यांशी स्वतंत्र करार करण्याची मुभा आधीच मिळविलेली होती. म्हणजे तेथे समूहाचा ध्वनी आधी सिद्ध झाला आणि व्यक्तींच्या वाटा त्यातून फुटल्या.

'ऑड फ्युचर'मध्ये हा क्रम उलटा होता. मार्च २०१२ मध्ये आलेला 'द ओएफ टेप व्हॉल्यूम २' हा त्यांचा एकमेव संयुक्त स्टुडिओ अल्बम. त्यातील अठरा गाण्यांत एकसंध दृष्टी आढळत नाही. टायलरचे कर्कश, खर्जातले संगीत, फ्रँक ओशन व सिड यांचे आत्ममग्न गायन, हॉजी बीट्स व लेफ्ट ब्रेन यांची जड तालयोजना यांना शेजारी शेजारी जागा मिळते; त्यांच्यात संवाद मात्र क्वचितच घडतो. याला महत्त्वाचा अपवाद म्हणजे दहा मिनिटांहून अधिक लांबीचे शेवटचे 'ओल्डी' हे गाणे. त्यात एका साध्या, आवर्तनशील तालावर एकामागून एक सदस्य येतो आणि सामोआहून परतलेला अर्लही त्यात सामील होतो. येथे प्रथमच समूह हा संगीताचा घटक बनतो. प्रत्येक आवाज आधीच्या आवाजाला टोला देतो, त्याच्याशी स्पर्धा करतो आणि त्यालाच आधार देतो. मात्र या गाण्याने दाखविलेल्या शक्यतेचा पुढे विकास झाला नाही. २०१५ च्या सुमारास समूह प्रत्यक्षात संपुष्टात आला. सामूहिक निर्मितीच्या निकषावर 'ऑड फ्युचर'ने अपेक्षाभंग केला, असाच निर्णय द्यावा लागतो.

हिंसेच्या भाषेचा प्रश्न

शिवराळ व अश्लील ठरविलेल्या भाषेचे मूल्य कसे ठरवावे, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतील ब्लॅक पँथर चळवळीवरून नाव घेतलेली दलित पँथर स्थापन झाली. त्यानंतरच्या चर्चेतून मराठी समीक्षेला एक उपयुक्त कसोटी मिळाली : ही भाषा कोणाच्या वाट्याला आलेल्या हिंसेचे भान देते आणि ती कोणावर उगारली जाते?

ही कसोटी लावली असता 'बास्टर्ड' व 'गॉब्लिन' यांचे दुभंगलेपण स्पष्ट होते. वडिलांच्या अनुपस्थितीविषयीचा संताप, समुपदेशकाशी चाललेला काल्पनिक संवाद आणि स्वतःविषयीची घृणा हे या अल्बमांचे अस्सल द्रव्य आहे. तेथे भाषेची उग्रता अनुभवातून येते. परंतु स्त्रियांवरील अत्याचारांच्या वर्णनांत स्त्रीला आवाज नाही. ती केवळ वस्तू म्हणून येते. निवेदक हे एक पात्र आहे, हा बचाव त्यामुळे अपुरा पडतो. मे २०११ मध्ये कॅनडातील संगीतकार सारा क्विन यांनी या गीतांतील स्त्रीद्वेष व समलिंगीद्वेषाविषयी संगीतजगताने पाळलेल्या मौनावर जाहीर टीका केली. पुढे २०१५ मध्ये याच काळातील गीतांचा हवाला देऊन ब्रिटनने टायलरला प्रवेशबंदी केली. सरकारी बंदी हा साहित्यिक न्याय नव्हे. तरीही तिचा निषेध केल्याने क्विन यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ज्या धक्क्याच्या बळावर अपेक्षा उभी राहिली, तोच या संगीताचा सर्वांत लवकर शिळा झालेला भाग होय.

स्वतंत्र वाटचाल

समूहाबाहेरील निर्मितीचे चित्र वेगळे आहे. फ्रँक ओशन याने ४ जुलै २०१२ रोजी एका पुरुषावरील आपल्या पहिल्या प्रेमाविषयी पत्र प्रसिद्ध केले आणि त्याच महिन्यात आलेल्या 'चॅनल ऑरेंज'ने त्याला २०१३ चे ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले. २०१६ च्या 'ब्लाँड'मध्ये तर त्याने तालवाद्यांचा आधारच अनेक ठिकाणी काढून घेतला आणि आठवणींच्या विरळ, तुटक रचनेतून भावगीताचे नवे रूप घडविले. सिड आणि मॅट मार्शन्स यांच्या 'द इंटरनेट' या वाद्यवृंदाच्या 'ईगो डेथ' (२०१५) या अल्बमलाही ग्रॅमी नामांकन लाभले. स्त्रीने स्त्रीविषयी गायलेली प्रेमगीते तेथे कोणताही गाजावाजा न करता येतात.

अर्ल स्वेटशर्टचा प्रवास सर्वांत अंतर्मुख आहे. तो दक्षिण आफ्रिकेचे कवी केओरापेत्से खोसित्सिले यांचा मुलगा. जानेवारी २०१८ मध्ये वडिलांचे निधन झाले. वर्षअखेरीस आलेल्या 'सम रॅप साँग्ज' या जेमतेम पंचवीस मिनिटांच्या अल्बममध्ये आईवडिलांच्या ध्वनिमुद्रित आवाजांना त्याने शेजारी बसविले. किशोरवयात शब्दचमत्कृतीसाठी वाखाणला गेलेला हा रॅपर येथे शब्द कमी करतो, ताल घासून अस्पष्ट करतो आणि शोकाला मोकळी जागा देतो.

टायलरने 'फ्लॉवर बॉय' (२०१७) पासून एकाकीपण व समलिंगी आकर्षण यांना मृदू स्वरसंगतीत मांडले. २०१९ च्या 'इगोर'मध्ये रॅपपेक्षा गायन व संश्लेषित वाद्यध्वनी यांनाच प्राधान्य आहे. तरीही त्याला २०२० मध्ये रॅप विभागाचेच ग्रॅमी मिळाले, तेव्हा कृष्णवर्णीय कलावंताने काहीही केले तरी त्याला ठरावीक कप्प्यात टाकले जाते, ही खंत त्याने त्याच प्रसंगी बोलून दाखविली. २०२१ च्या अल्बममध्ये, समूहातील जुना सहकारी डोमो जेनेसिस याला सोबत घेऊन, त्याने आपल्या पूर्वीच्या वक्तव्यांचा हिशेबही मांडला आहे.

या यादीवरून समूह यशस्वी ठरला, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. हॉजी, लेफ्ट ब्रेन, माइक जी यांच्याही नावावर तीच अपेक्षा उभी होती. हॉजी व लेफ्ट ब्रेन यांच्या 'मेलोहाइप' या जोडनावाने आलेल्या कामात ताकद होती. परंतु त्यांना तसा दीर्घ विकास साधता आला नाही, आणि मूल्यमापनात त्यांची दखलही फारशी घेतली जात नाही. निवडक यशस्वितांच्या कर्तृत्वावरून समूहाची थोरवी सिद्ध करणे म्हणजे उत्तीर्णांचीच गुणपत्रिका वाचून वर्गाचा निकाल लावण्यासारखे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, समूह म्हणून 'ऑड फ्युचर'ने अपेक्षित दर्जाची निर्मिती केली नाही. 'ओल्डी' ही त्याची एकाकी खूण आहे. दोन, ज्या बंडखोरीचे कौतुक झाले, तिचा मोठा भाग स्त्रीदेहाच्या विटंबनेवर उभा होता. उत्तरकालीन प्रगल्भतेमुळे आधीच्या गीतांचे स्वरूप बदलत नाही. तीन, ओशन, अर्ल, सिड व टायलर यांची प्रौढ निर्मिती मूळ अपेक्षेहून वेगळ्या आणि अधिक मोलाच्या ठिकाणी पोहोचली आहे. २०११ मध्ये त्यांच्याकडून विध्वंसाची अपेक्षा होती. त्यांनी दिले ते शोक, प्रेम आणि एकांत यांचे संगीत.

या समूहाचे खरे योगदान एखाद्या शैलीत शोधण्यापेक्षा, उद्योगाच्या मान्यतेची वाट न पाहता चुकण्याची व बदलण्याची जी जागा त्याने आपल्या सदस्यांना दिली, तिच्यात शोधावे लागते. ती जागा सर्वांना सारखी फळली नाही, याची नोंद ठेवूनच त्याचे ऋण मान्य करणे उचित होय.